बियाण्याला हवी मातीची ऊब

‘बियाणे खराब निघाले’ हा निष्कर्ष पुष्कळदा घाईचा ठरतो. बदलीनिमित्त दिल्ली-लखनौकडे गेलेली मंडळी जानेवारीत गच्चीवर मिरची, वांगी, टोमॅटो पेरतात, नेमाने पाणी घालतात. पंधरवडा उलटला तरी कुंडी ओकीबोकीच. दोष बहुधा थंड मातीचा असतो. टोमॅटोचे बी २५ अंश सेल्सिअसला सुमारे ६ दिवसांत रुजते, १५ अंशांना १४ दिवस घेते, तर १० अंशांना तब्बल सहा आठवडे! मिरची १५ अंशांना साधारण २५ दिवस लावते. वांगे त्याहून नाजूक. गार, ओल्या मातीत ते रुजण्याऐवजी कुजण्याचीच शक्यता अधिक.

तापमान पाहावयाचे ते मातीचे, हवेचे नव्हे. ऊन पडलेल्या गच्चीवरही कुंडीतील ओली माती गारच राहू शकते. यावर उपाय घरातलाच. मटकीला मोड आणतात त्याप्रमाणे बी ओलसर फडक्यात गुंडाळून, डबीत घालून स्वयंपाकघरातील उबदार कोपऱ्यात ठेवावे. पांढरे टोक दिसताच अलगद पेरावे, कुंडी काही दिवस घरातच ठेवावी आणि कोंब वर येताच खिडकीतील उजेडात न्यावी. अंधारात रोप लांबुळके व दुबळे होते.

पालकाचे मात्र नेमके उलट. ३५ अंशांच्या मातीत त्याचे बी सहसा रुजत नाही. नागपूरकरांनी मे महिन्यात तो प्रयोग न केलेलाच बरा.