पंखा बंद, क्लिक चालू

रेकॉर्डिंगच्या आधी पंखा बंद होतो, मग खिडकी, मग शेजारच्या काकूंना कुकर जरा उशिरा लावण्याची विनंती जाते. पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या या वन बीएचकेच्या बेडरूममध्ये भिंतींवर गोधड्या टांगल्या आहेत. उघड्या भिंतीवर आवाज आपटून परत येतो आणि हा परतलेला आवाज नंतर कुठलंही सॉफ्टवेअर नीट पुसू शकत नाही. मे महिन्यात या खोलीत दहा मिनिटं बसवत नाही. माईकसमोरचा मुलगा बनियनवर उभा आहे, हेडफोनमधल्या क्लिकवर, म्हणजे तालाच्या टिकटिकीवर, मान हलवतोय. लॅपटॉपवर बसून बीट बनवणाऱ्याला सगळे दादा म्हणतात.

अल्बम आहे आफ्रिकेवर. म्हणजे खरं तर स्वतःवर. शाळेत काळ्या रंगावरून ‘ए हबशी’ अशी हाक ऐकत वाढलेला हा आगरी मुलगा ती हाक उलटी करून बघतोय. अमेरिकन रॅपर केंड्रिक लमार २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेला जाऊन आला आणि पुढच्या वर्षी त्याचा ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ आला. हा त्याच अल्बमवर पोसलेला. पण त्याचं म्हणणं, आपल्याला विमान कशाला हवं? आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचा, म्हणजे हबशांचाच, जंजिरा आपल्याच रायगडात आहे, त्यांचं संस्थान १९४८ पर्यंत होतं. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभार हाकत होता. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. ब्राँक्समध्ये हिपहॉपची सुरुवात मानली जाणारी डीजे कूल हर्कची पार्टी झाली १९७३ मध्ये, आणि त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली होती. हे सगळं त्याच्या वहीत आहे, बाणबिण काढून. गाण्यात यातलं जेमतेम दोन ओळींपुरतं येतं, आणि तेच बरं आहे. इतिहासाचा पेपर लिहिल्यासारखी रॅप गाणी मी बरीच ऐकली आहेत.

गाडी अडली ती एका ओळीवर. वाडवडील जहाजाच्या तळाशी साखळदंडात आले, अशा अर्थाची ओळ होती. जोरदार होती. टेक उत्तम गेला, डबलही झाला. दादाने हेडफोन काढले.

“तुझे आले का रे जहाजातून?”

“नाही. पण फील…”

“तुझे मिठागरात होते. ते सांग ना.”

पोरगा चिडला, गॅलरीत जाऊन उभा राहिला. तळोजाकडे चाललेले ट्रेलर तिथून ऐकू येतात. परत आला तेव्हा त्याने ओळ खोडली आणि त्या जागी आजोबांच्या मिठाने फाटलेल्या टाचा आणल्या. ऐकायला कमी जोरदार, पण मला ती दुसऱ्या दिवशीही आठवत होती.

बीटचंही तेच झालं. ‘आफ्रिकन ड्रम्स’ नावाचा तयार फोल्डर डाउनलोड करून ठेवलेला होता, त्यात सगळा जेंबे. जेंबे माली-गिनीकडचा, पश्चिमेचा. आपल्याकडे सिद्दी आले ते मुख्यतः पूर्व आफ्रिकेतून. गुजरातच्या सिद्दींकडे मुगरमान नावाचा पायांवर उभा राहणारा मोठा ढोल आहे, तुंबा लावलेल्या धनुष्यासारखं मलुंगा आहे, पण त्यांचं रेकॉर्डिंग कुणाला न विचारता उचलायचं नाही, यावर दोघांचं एकमत. फोल्डर गेला कचऱ्यात. उरलं काय? फोनमध्ये एका लग्नात टिपलेला धवला, आगऱ्यांचं लग्नातलं गाणं. धवलारीण पुढे म्हणते, बायका मागून उचलतात. एकाने हाक द्यायची आणि घोळक्याने झेलायची, ही रीत आफ्रिकेच्या गाण्यातही मुरलेली आहे, तिथून ती रॅपमध्ये आली.

अडचण तालाची. धवला वाद्याविना, बाईच्या श्वासावर चालतो, क्लिक चारचा. दादाने आवाज क्लिकवर ताणून बसवला तर त्याचा जीवच गेला. मग उलट केलं: आवाज जसाच्या तसा ठेवला आणि किक त्याच्या मागे हाताने वाजवली, किंचित उशिरा पडणारी, ग्रिड बंद करून. वर रॅप तीन-तीन अक्षरांच्या झोळात. मराठीत हे सोपं नाही. ‘मिठागर’ बसतं, ‘साखळदंड’ अडखळतं. जोडाक्षर आलं की जीभ मागे राहते. पंच-इन करकरून, म्हणजे मधलाच तुकडा पुन्हा रेकॉर्ड करून, शब्द बदलले, एका कडव्यात क्रियापदंच उडवली.

तयार झालेला तुकडा घेऊन दोघं त्या धवलारणीकडे परवानगीला गेले. मीही गेलो. म्हातारीने फोन कानाला लावून सगळं ऐकलं, किकच्या धक्क्यांनी दचकली नाही. मग म्हणाली, “मधीच तोरलास रं पोरा. नवरीला आजून हलद पन नाय लागली.”

हळद लागेपर्यंतचा धवला घ्यायचा तर गाणं सहा मिनिटांच्या वर जातं. दादा म्हणतो, एवढं लांब कुणी ऐकत नाही. पोराने तोवर दुसरं कडवं कापायला घेतलं होतं, स्वतःचं.