छोटी इमारत, मोठी पडझड

१९५४ च्या ‘गॉडझिला’ या जपानी चित्रपटासाठी एइजी त्सुबुराया यांच्या चमूनं टोकियो १:२५ प्रमाणात उभारलं. पण इमारत छोटी केली म्हणून गुरुत्वाकर्षण कमी होत नाही. २५ मीटरवरून सुटलेली वीट खाली यायला सव्वादोन सेकंद घेते. मॉडेलमध्ये तीच एक मीटरवरून अर्ध्या सेकंदाच्या आत पडते. डोळा लगेच ओळखतो, हे खेळणं आहे! उपाय म्हणजे जलद चित्रण. पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळानुसार बदलतो आणि पंचविसाचं वर्गमूळ पाच. म्हणून सेकंदाला २४ ऐवजी १२० चौकटी टिपायच्या आणि नेहमीच्या गतीनं दाखवायच्या. मग पडझडीला वजन येतं. किती सुंदर गणित! पाणी मात्र दाद देत नाही. पृष्ठताणामुळे थेंब त्याच प्रमाणात लहान होत नाहीत; चिमुकल्या जहाजाशेजारी ते भोपळ्याएवढे दिसतात. त्यामुळे समुद्रातल्या प्रसंगांसाठी मॉडेल शक्य तितकं मोठंच बांधतात.