जिम क्रो (नाट्यपात्र)

'जिम क्रो' हे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी रंगभूमीवरील एक विनोदी पात्र होय. थॉमस डार्टमथ राइस (१८०८–१८६०) या श्वेतवर्णीय नटाने ते १८३०च्या सुमारास लोकप्रिय केले. कृष्णवर्णीयांचा उपहास आणि अपंगत्वाची नक्कल या दोन्ही गोष्टी या पात्रात एकवटल्या होत्या.

उगम

या पात्राच्या उगमाविषयी एक आख्यायिका प्रचलित आहे. तबेल्यात काम करणारा, पायाने अधू असलेला एक कृष्णवर्णीय मनुष्य गात-नाचत असताना राइसने पाहिला आणि त्याची चाल उचलली, असे ती सांगते. घटनास्थळ म्हणून कधी लुइव्हिल, तर कधी सिनसिनाटी किंवा पिट्सबर्ग या शहरांचा उल्लेख येतो.

सादरीकरण

जाळलेल्या बुचाच्या काजळीने चेहरा रंगवून व फाटके कपडे घालून राइस 'जंप जिम क्रो' हे गीत गात असे. लंगडत घेतलेली गिरकी आणि उडी हे त्याच्या नृत्याचे वैशिष्ट्य होते. १८३२ मध्ये न्यू यॉर्कच्या बावरी थिएटरमध्ये आणि १८३६ मध्ये लंडनमध्ये त्याला मोठे यश लाभले. अतिश्रम व क्रूर शिक्षा यांमुळे गुलामांना अपंगत्व येत असे; रंगमंचावर मात्र तेच अपंगत्व जन्मजात विदूषकीपणाचे लक्षण म्हणून दाखवले गेले.

मिन्स्ट्रेल प्रयोग व स्त्रीपात्रे

१८४३ मध्ये न्यू यॉर्क येथे 'व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स' या चौघांच्या संचाने या शैलीला संपूर्ण कार्यक्रमाचे रूप दिले. अशा संचांत प्रामुख्याने पुरुषच असत. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या भूमिकाही श्वेतवर्णीय पुरुषच करीत आणि त्यांतून त्या स्त्रियांची कुचेष्टा होई.

कृष्णवर्णीय कलावंत

कृष्णवर्णीय नट त्या काळी नव्हते, असे नाही. न्यू यॉर्कमधील 'आफ्रिकन ग्रोव्ह' या नाट्यगृहात १८२१ पासून ते शेक्सपिअरची नाटके करीत होते. तथापि विरोधामुळे हा उपक्रम काही वर्षांतच थांबला. नट आयरा ऑल्ड्रिज यांनी पुढे युरोपात कीर्ती मिळवली. गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांनी १८४८ मध्ये चेहरा काळा रंगवणाऱ्या नटांवर कठोर टीका केली.

नावाचा वारसा

यादवी युद्धानंतर दक्षिणेकडील राज्यांनी केलेले वर्णविभाजनाचे कायदे 'जिम क्रो कायदे' या नावाने ओळखले जाऊ लागले. 'प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन' (१८९६) या निकालाने अशा विभाजनाला न्यायालयीन मान्यता दिली. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक ठिकाणचे वर्णविभाजन बेकायदेशीर ठरवले. ज्याच्या चालीवरून हे पात्र घडले असे सांगितले जाते, त्या मनुष्याचे खरे नाव मात्र इतिहासात नोंदले गेले नाही.