एका घरची तीन आत्मचरित्रं

यंदाच्या वाचनाचा हिशेब मांडला तर कादंबऱ्या थोड्या, कविता त्याहून थोड्या. बाकी सगळं वर्ष आत्मचरित्रांनी खाल्लं, तीही बहुतेक जुनी. ठरवून काही नव्हतं. एक पुस्तक संपलं की त्यात डोकावून गेलेल्या माणसाचं पुस्तक हाती घ्यायचं, एवढाच क्रम. पण त्यातून एक मत पक्कं झालं आहे: आत्मचरित्र एकटं वाचू नये. त्याच घरातल्या, निदान तशाच वस्तीतल्या दुसऱ्या कुणी लिहिलं असेल तर ते शेजारी ठेवावं. आत्मचरित्रकार खोटं बोलतात असा संशय यामागे नाही. उलट प्रामाणिक माणसाच्या पुस्तकालाच अशा सोबतीची गरज जास्त असते, आणि धोंडो केशव कर्व्यांच्या ‘आत्मवृत्ता’इतका याचा चांगला पुरावा मला सापडलेला नाही.

‘आत्मवृत्त’ १९१५ सालचं. इतकं साधं, आढ्यतेचा वासही नसलेलं आत्मकथन मराठीत क्वचित सापडेल. मुरुडहून साताऱ्यापर्यंत परीक्षेसाठी केलेली पायपीट, आणि तिथे पोचल्यावर वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच न देणं, हा प्रसंग दुसऱ्या कुणी दोन प्रकरणं पुरवला असता. कर्वे तो सांगतात आणि पुढे चालू लागतात. १८९३चा पुनर्विवाह, त्यापायी गावाने टाकलेला बहिष्कार, १८९६चा अनाथ बालिकाश्रम, मग हिंगण्याचा माळ, सगळं त्याच सुरात. ज्याला बढाई मारताच येत नाही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला आणखी काय हवं, असं वाटत राहतं. मग आनंदीबाई कर्व्यांचं ‘माझे पुराण’ (१९४४) उघडावं. आठव्या-नवव्या वर्षी विधवा झालेली गोदूबाई, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली विद्यार्थिनी, पुढे कर्व्यांची पत्नी. घरात त्या बाया. त्यांच्या बोलण्यात फटकळपणा आहे आणि संसाराची बारीक नजर आहे. घरात येणारा पैसा संस्थेकडे वळला की मुलांचं काय, ही काळजी नवऱ्याच्या पुस्तकात ओझरती येते; इथे ती ठाण मांडून बसते. कुणाच्या ताटात वाढलं हे कर्वे सांगतात. कुणाच्या ताटातून काढलं हे बाया सांगतात.

तिसरं पुस्तक बायांच्या सख्ख्या बहिणीचं, पार्वतीबाई आठवले यांचं: ‘माझी कहाणी’, १९२८. आश्रम विधवांच्या शिक्षणासाठी होता आणि त्याची पुनर्विवाहाशी गल्लत होऊ द्यायची नाही, हे कर्व्यांनी पहिल्यापासून पाळलेलं पथ्य. नाहीतर सनातनी घरांतून ना मुली आल्या असत्या ना वर्गण्या. धोरण म्हणून ते बिनचूक होतं. पण त्याचा अर्थ असा झाला की संस्थापकाची स्वतःची बायको, पुनर्विवाहित असल्यामुळे, संस्थेला अडचणीची ठरली. आणि पुनर्विवाह न केलेली तिची बहीण संस्थेचा खांब झाली. पार्वतीबाई केशवपन केलेल्या विधवा म्हणून आल्या, दारोदार वर्गण्या गोळा करत हिंडल्या, पुढे अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. केस पुन्हा ठेवायचा निर्णय का घेतला तेही त्या स्वतः सांगतात. तिन्ही पुस्तकांत घटनांना फारसा विरोध नाही. फरक आहे तो वजनात. एकाच नियमाला कर्वे सावधगिरी समजतात, पार्वतीबाईंना त्याच नियमामुळे आयुष्यभराचं काम मिळतं आणि आनंदीबाईंच्या तोंडावर दार लागतं. यातलं कुठलंही एकच पुस्तक वाचणाऱ्याला हा नियम केवढ्याला पडला ते कळणार नाही.

यावर कुणी म्हणेल, अशाने वाचक रसिक न राहता मॅजिस्ट्रेट होतो. साक्षी ताडून पाहायच्या तर कोर्टात जावं. मला हे पटत नाही, कारण प्रत्यक्षात उलटं घडतं. बायांचं पुस्तक वाचून कर्व्यांकडे परत गेलं की त्यांचा तो सपाट सूर आधी नुसता विनय वाटलेला असतो, तो आता कुठेकुठे टाळाटाळीसारखाही ऐकू येतो. हा साहित्याचाच आनंद आहे, निवाड्याचा नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मागून लिहिणाऱ्याला शेवटचा शब्द मिळतो. ‘माझे पुराण’ एकोणतीस वर्षांनी आलं, तोवर कर्व्यांचं मोठेपण जगमान्य झालेलं, आणि अशा माणसाच्या घरातली तक्रार वाचकाला नेहमीच चविष्ट लागते. म्हणूनच बायांचं पुस्तक वाचून कर्व्यांना मोडीत काढणारेही माझ्या मते चुकतात. खुद्द कर्व्यांच्या घरातच ही समज होती. मुलगा दिनकर कर्वे यांनी १९६३ साली इंग्रजीत काढलेल्या ग्रंथात वडिलांचं आणि आईचं आत्मकथन एकाच पुठ्ठ्यात बांधलं.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र एवढं सोपं उत्तर नाही. एका घरात तीन लिहिते हात असणं ही पुण्याच्या शिकल्यासवरल्या घरांची चैन झाली. जिथे पिढ्यान्‌पिढ्या पाटीला हात लागू दिला नाही तिथे जोडी कुठून आणायची? दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) वाचताना हे जाणवतं. तिथे दुसरा साक्षीदार पुस्तकातच उभा करावा लागला आहे: सांगतो तो दगडू, ऐकतो तो दया पवार. पण आठ वर्षांनी, १९८६ साली, बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आणि शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ ही दोन्ही पुस्तकरूपाने आली, आणि ‘बलुत्या’ला घराबाहेरून जोडी मिळाली. बेबीताई ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ म्हणून बोलतात, आणि महारवाड्यावर गावाने केलेल्या जुलमाबरोबरच महारवाड्यातल्या पुरुषाने बाईवर केलेला जुलूमही त्याच दमात सांगतात. त्यानंतर पुन्हा ‘बलुतं’ चाळलं तर त्यातल्या बायकांकडे, विशेषतः आईकडे, नजर वेगळी जाते. तेव्हा जोडी घरातलीच हवी असा हट्ट सोडला पाहिजे. वस्ती चालेल, धंदा चालेल.

काही ठिकाणी मात्र काहीच चालत नाही. कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली गेल्या. त्यांच्या हातचं काही मागे नाही. त्या भेटतात त्या नवऱ्याच्या पुस्तकातल्या थोड्या मजकुरात. तो मजकूर मायेनेच लिहिलेला आहे. पण बाया वाचून झाल्यावर त्यातलं प्रत्येक वाक्य मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्या खेपेला तितकं सहज पुढे जाता आलं नाही.