सुट्या फळ्यांचं पिंप

चिखल्याला मँगनीज जमिनीच्या पोटात आहे. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्याच्या उत्तरेला, मध्य प्रदेशाच्या हद्दीला लागून असलेल्या या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या आरंभापासून हे काळं खनिज काढलं जातंय. आधी डोंगर फोडून, उघड्यावर. वरचं संपत गेलं तशी माणसं खाली उतरली. लुईस फर्मर या भूवैज्ञानिकाने १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर जो प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यात या भागाच्या खडकांची बारकाईने दखल आहे. इथल्या मँगनीजयुक्त खडकाला त्याने इथल्याच गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिलं. पुढे ब्रिटिश कंपनीचा कारभार गेला, १९६२ साली मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड उभी राहिली, आणि आज आपण तिला मॉइल म्हणून ओळखतो. शेजारची डोंगरी बुजुर्ग खाण अजून उघडी आहे. चिखल्याची भूमिगत.

भूमिगत खाणीचा एक कायदा कुठल्याही पुस्तकाशिवाय सगळ्यांना पाठ असतो. जे खाली न्यायचं ते शाफ्टमधल्या केजच्या मापात बसलं पाहिजे. पंप असो, पाइप असो की छताला द्यायचं लाकूड असो, न बसणारी वस्तू सुटी करायची, खाली न्यायची आणि जागेवर पुन्हा उभी करायची. लाकडाच्या पिंपाकडे मी याच नजरेने पाहतो. भरलेलं पिंप उत्तम. रिकामं पिंप म्हणजे वाहून नेलेली हवा. ते फळ्याफळ्यांनी सुटं करून गठ्ठा बांधून नेता आलं आणि पोचल्यावर कुठल्याही दोन माणसांना पाना घेऊन उभं करता आलं, तर? प्रश्न जुना आहे. त्याची अर्धीअधिक उत्तरं या झाडीपट्टीतल्या वाढयांच्या, म्हणजे सुतारांच्या, हातात होती, हे मात्र फारसं कोणी लिहून ठेवलेलं नाही.

आधी खाणीचं लाकूड पाहू. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या कॉमस्टॉक लोडवर १८५९ नंतर चांदीचा इतका जाड थर सापडला की साधे टेकू लावून छत तोलणं अशक्य झालं. ओफिर खाणीत फिलिप डाइडेसहाइमर या जर्मन इंजिनिअरला बोलावलं. त्याने १८६० साली लाकडाच्या चौकोनी चौकटींची रीत काढली: उभा खांब, आडवी तुळई, तिला काटकोनात दुसरी तुळई, आणि सगळ्यांच्या टोकांना ठरलेल्या मापाचे कुसू. सगळे तुकडे जमिनीवर कापायचे, खाली फक्त जोडायचे. एका चौकटीवर दुसरी, शेजारी तिसरी, असं पाहिजे त्या दिशेला वाढत जायचं. डाइडेसहाइमरने या रीतीचं पेटंट घेतलं नाही, म्हणून ती जगभर गेली. तिच्यापायी सिएरा नेवाडाच्या उतारांवरची जंगलं खाणींत गडप झाली, हेही सांगितलंच पाहिजे. आपल्याकडच्या भूमिगत मँगनीज खाणींत धातुक कापायचं, रिकामी झालेली जागा वाळूने भरायची आणि त्या भरावावर उभं राहून वरचा थर कापायचा अशी पद्धत रुळली. लाकडी टेकू आणि चौकटी तिच्या जुन्या सोबती. आता छताला केबल बोल्टही लागतात.

या चौकटीतली खरी कल्पना कुसूची नाही. कोणताही खांब कोणत्याही चौकटीत बसतो, ही ती कल्पना. खाली अंधारात, घाईत, डोक्यावर दगड असताना ‘हा तुकडा कुठला’ असं कोणी विचारत बसत नाही.

पिंपाचं नेमकं उलट आहे. पाश्चात्त्य पिंपकार शेकडो वर्षं फळी डोळ्याने तासत आला. एक फळी रुंद, एक अरुंद. कडेचा कोन त्या त्या फळीच्या रुंदीप्रमाणे. मधे पोट, दोन्ही टोकांना निमुळतं. सगळ्या मिळून वर्तुळ पुरं झालं की काम झालं. असं पिंप मोडलं तर त्या फळ्या तशाच क्रमाने लावाव्या लागतात, नाहीतर दुसऱ्या जाणत्या पिंपकाराने त्या नव्याने तासाव्या लागतात. आणि तरीही पिंपं मोडून नेली जात, कारण गरज तशी होती. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरून कॅरिबियन बेटांवर फळ्यांचे गठ्ठे जहाजाने जायचे. तिथे पिंपं उभी राहायची आणि काकवी, रम भरून परत यायची. देवमाशांची शिकार करणारी जहाजंही पिंपं गठ्ठ्यांत घेऊन निघत. तेल मिळेल तसं जहाजावरचा पिंपकार एकेक पिंप उभं करी. तो माणूस जहाजावर असणं हीच त्या सोयीची किंमत होती. स्कॉटलंडमध्ये हा व्यवहार विसाव्या शतकातही चालला. अमेरिकेत बर्बन व्हिस्कीला दर वेळी आतून जाळलेलं नवं ओकचं पिंप कायद्यानेच लागतं, त्यामुळे एकदा वापरलेली सुमारे २०० लिटरची पिंपं ढिगाने मोकळी होतात. ती मोडून फळ्या समुद्रापार गेल्या आणि तिथल्या पिंपकारांनी जास्तीच्या फळ्या घालून त्यांची २५० लिटरची पिंपं बांधली. म्हणजे फळ्या सुट्या गेल्या, पण कसब दोन्ही टोकांना लागलं.

आपल्याला कसब एकाच टोकाला हवंय. पोचण्याच्या ठिकाणी नको.

त्यासाठी पोट सोडून द्यावं लागेल. पोटाच्या पिंपाला वाकवलेल्या फळ्या लागतात आणि वाकवलेल्या फळ्यांचा गठ्ठा नीट बसत नाही. सरळ उभ्या भिंतीचं पिंप घ्या: बाहेरचा घेर २ मीटर, म्हणजे व्यास सुमारे ६४ सेंटिमीटर, उंची ८०, फळीची जाडी अडीच. आत साधारण २०० लिटर मावतं. वीस सारख्या फळ्या, प्रत्येकी १० सेंटिमीटर रुंद. वीस फळ्यांत ३६० अंश वाटले की एकेकीच्या वाट्याला १८ येतात, म्हणून प्रत्येक कडेला ९ अंशांचा उतार. इथे हयगय चालत नाही. कडेला पाव अंशाची चूक एकटीने पाहिली तर दिसतही नाही, पण कडा चाळीस आहेत. सगळ्या एकाच बाजूला चुकल्या तर शेवटी १० अंशांचा फरक उरतो आणि वर्तुळ बंदच होत नाही. म्हणून डोळ्याने तासणं बंद. रंध्याखाली फळी एकाच कोनात धरून ठेवणारा साचा करायचा आणि विसाव्याच काय, दोनशेव्या फळीलाही तोच कोन द्यायचा. हिशेब जागेचाही करून पाहिला. उभं पिंप जेवढी चौकोनी जागा अडवतं तेवढ्यात सहा पिंपांचं लाकूड मावतं. दोरी, पट्ट्या, मधली फट धरली तर पाच नक्की.

आता अडचण पट्टीची. पोटाच्या पिंपाला लोखंडी पट्टी टोकाकडून पोटाकडे ठोकत नेली की आपसूक आवळते. सरळ पिंपावर पट्टी कितीही ठोका, आवळत नाही. हा प्रश्न झाडीपट्टीतल्या माणसाला नवा नाही. खासराच्या, म्हणजे बैलगाडीच्या, चाकालाही लोखंडी धाव चढवावी लागते, आणि तिथेही उतार नसतो.

धाव चढवताना ज्याने पाहिलंय त्याला तो दिवस आठवत असेल. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे. लाकडाचं सगळं काम झालं तरी चाक हाताने हलवलं की किंचित कुरकुरतं. धाव पुठ्ठ्यांच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी लहान केलेली असते. जमिनीवर गोवऱ्यांचं कडं रचायचं, त्यात धाव लाल होईपर्यंत तापवायची, तीन-चार जणांनी सांडशीने उचलून चाकावर टाकायची, घणाने बसवायची आणि लाकूड पेट घेण्याआधी पाणी ओतायचं. ४ मीटर घेराची धाव ६०० अंशांनी तापली की जवळजवळ ३ सेंटिमीटर वाढते. निवताना ते सगळे ३ सेंटिमीटर ती परत मागते. आरे तुंब्यात आणखी खोल जातात, पुठ्ठ्यांच्या फटी मिटतात, कुरकुर थांबते. बाहेरून ताण, आतून दाब, आणि या दोघांच्या झगड्यावर उभी असलेली वस्तू: चाक काय, पिंप काय, गणित एकच. ज्या वाढयाला चाकाचा घेर आणि धावेचा घेर यांतला फरक हाताला कळतो, त्याला पिंप शिकवायला वेळ लागणार नाही असं मला मनापासून वाटतं. रबरी टायरची डनलॉप गाडी आली आणि हे हात रिकामे झाले. त्यांचं ज्ञान कुठल्याही अभ्यासक्रमात गेलं नाही. याचं दुःख आहे.

पण धावेचंही एक दुखणं होतं. वैशाखात ती ढिली पडे. मग चाकं तळ्याच्या पाण्यात उभी करायची, लाकूड फुगलं की धाव परत घट्ट. पिंपालाही हेच भोगावं लागणार, आणि भंडाऱ्याच्या हवेत जास्तच. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, हवा कोरडी ठणठणीत. जुलैत भिंतींना बुरशी. समजा मे महिन्यात लाकडात ६ टक्के ओलावा आहे आणि पावसाळ्यात १८. पूर्ण ओलं सागवान पार सुकलं की रुंदीत, फळी खोडाच्या मध्यातून सालीकडे, त्रिज्येच्या रेघेने चिरलेली असेल तर, सुमारे अडीच टक्के आकसतं. पाश्चात्त्य पिंपांचा पांढरा ओक त्याच्या दुपटीहून थोडा जास्त. ऋतूच्या फरकात यातला साधारण चाळीस टक्के भाग येतो. म्हणजे आपल्या २ मीटर घेराच्या सागवानी पिंपाचा घेर वर्षभरात जवळपास २ सेंटिमीटर कमीजास्त होणार. ओक असता तर ४ च्या वर. ठरीव मापाचं कडं इथे टिकणारच नाही.

याचं उत्तर न्यूयॉर्कच्या गच्च्यांवर आहे. तिथल्या उंच इमारतींवर आजही लाकडी टाक्या दिसतात, हजारो लिटरच्या. अख्खी टाकी वर नेण्याचा प्रश्नच नाही. फळ्या सुट्या जातात आणि वर माणसं ती उभी करतात. गोंद नाही. आधी तळाच्या फळ्या, मग त्यांच्या कडेभोवती उभ्या फळ्या, प्रत्येकीच्या पायाशी कापलेल्या खोबणीत तळाची कड अडकवत. शेवटी बाहेरून पोलादी सळयांची कडी, आणि प्रत्येक कड्याला आवळायचा नट. खालच्या बाजूला कडी दाट, वर विरळ, कारण पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. ३ मीटर व्यासाच्या आणि ३ मीटर खोल टाकीच्या तळाशी उंचीच्या दर मीटरला साडेचार टनांचा ताण येतो. आपल्या पिंपाच्या तळाशी तो सव्वादोनशे किलोच्या आसपास. पाण्याचा दाब आपल्याला घाबरवत नाही. लाकडाचं फुगणं घाबरवतं. म्हणून नटबोल्टची कडी आवळण्याइतकीच सैल करण्यासाठीही हवी. पाणी भरल्यावर फुगवटा वाढतो. त्यातला काही फळ्या एकमेकींत दाबून घेतात, उरलेला पाना उलटा फिरवून सोडावा लागतो.

सागवान मी हट्टाने घेतलंय असं नाही. ते कमी हलतं, कुजत नाही, रसायनांच्या लाकडी टाक्यांसाठी त्याचा लौकिक जुना आहे. पण कमी फुगणारं लाकूड फटीही कमी बुजवतं. पिंपकार यासाठी झाकणाच्या फळ्यांमधे एका पाणवनस्पतीचं सुकं पान घालतात. ती वनस्पती म्हणजे आपलं पाणकणीस. कोहळी समाजाने बांधलेल्या मालगुजारी तलावांच्या या जिल्ह्यात, जिथे प्रत्येक गावाला तलाव नाहीतर बोडी आहे, ती आणायला लांब जावं लागणार नाही. पान सुकवायचं, उभं चिरायचं, फळीच्या कडेवर एकेरी ठेवून दुसरी फळी दाबायची. पाणी लागलं की ते फुगून फट भरतं.

हे सगळं कशासाठी, असं विचारणाऱ्याला खरा आकडा दिला पाहिजे. असं सागवानी पिंप पट्ट्यांशिवायच ३४-३५ किलो भरेल. गावोगावी दिसणारा निळा प्लास्टिकचा ड्रम याच्या तिसऱ्या हिश्शाचाही नाही. घरच्या पाण्यासाठी लाकडी पिंप करायला निघणं म्हणजे सागवान वाया घालवणं. सुटं पिंप शोभतं ते जिथे वस्तू मोठी आणि वाट अरुंद: शाफ्टच्या तोंडातून, डोंगरातल्या पायवाटेने, जिन्याने. हजार-दोन हजार लिटरची प्लास्टिकची टाकी त्या वाटेने जाणार नाही, फळ्या जातील. आणि तुटलीच तर एक फळी बदलता येते. कोणतीही फळी, कोणत्याही टाकीतली, कारण सगळ्या एकाच साच्यातल्या.

उरतो तळ, आणि खरी परीक्षा तिथेच आहे. उभ्या फळ्या गोलाकार फुगतात, त्यांना कडं सांभाळतं. तळाच्या पाच-सहा फळ्या मात्र एकाच दिशेने फुगतात आणि भिंतीला बाहेर ढकलून पिंप अंडाकृती करतात. म्हणून तळ पुरता गोल कापायचा नाही. फळ्यांच्या रुंदीच्या दिशेने थोडा कमी ठेवायचा. किती कमी, हे ठरतं तो कापला कधी यावर. ५९ सेंटिमीटरचा तळ मे महिन्यात कापला तर पावसाळ्यापर्यंत ६ मिलिमीटर वाढेल, ऑगस्टमध्ये कापला तर उन्हाळ्यात तेवढाच आखडेल. दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांत लाकडाचा ओलावा या दोहोंच्या मधोमध असतो. तेव्हा कापलेल्या तळाला दोन्हीकडे तीन-तीन मिलिमीटरच सांभाळावे लागतात, आणि तेवढं पाणकणसाचं पान सांभाळतं. साचा केव्हाही करा. तळ मात्र कार्तिक-मार्गशीर्षातच कापावा.