बरणीतली भूक

सकाळी ७
चौकीत हजेरी लावली. पिशवीत टॉर्च आणि पाणी तपासायचा पळा, म्हणजे डिपर; हातात डासांच्या अळ्या खाणाऱ्या गप्पी माशांची बरणी. महापालिकेच्या कीटकनाशक विभागात माझं रोजचं काम एकच: परळ-लालबागमध्ये साचलेलं पाणी शोधायचं.

८
लालबागच्या चाळीची गच्ची. टाकीच्या झाकणाला फट राहिली की ॲनाफिलिस डासाची मादी आत जाऊन अंडी घालते. पिण्याच्या पाण्यात आम्ही मासे सोडत नाही. तिथे घट्ट झाकण हाच उपाय.

९
दुसरा मजला. पिंपात अळ्या वळवळताहेत.
"मावशी, हे रिकामं करायला लागेल."
"अरे बाळा, पाणी तासभरच येतं!"
"ओतायचं नाही, कपड्यातून गाळून बादल्यांत काढू. पण पिंप आतून घासा. एडिस डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात."
मावशींनी काथ्या घेतला, मी पिंप आडवं धरलं. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याला एकदा घासलं तरी पुरतं.

११
वाडीतली जुनी विहीर. मुंबईतल्या मलेरियाचं मूळ विहिरी-टाक्यांत आहे, हे मलेरियाचे अभ्यासक डॉ. बेंटली यांनी १९११च्या अहवालात मांडलं. डिपरमध्ये अळ्या पाण्याला समांतर, आडव्या तरंगत होत्या, म्हणजे ॲनाफिलिस. क्युलेक्सची अळी डोकं खाली करून लटकते.
अळ्या घमेल्यात ओतून आधी दोन मासे सोडले. गप्पीचं तोंड वर वळलेलं असतं. मासा खालून आला, टपकन अळी ओढली आणि लगेच दुसरीकडे वळला. मग उरलेले विहिरीत सोडले. चार मासे मात्र बरणीत ठेवले.

१
बंद गिरणीच्या आवारात पावसाच्या पाण्याचा मोठा खड्डा. सोबतचा नवा पोरगा म्हणाला, "दादा, उरलेले इथे टाकू?"
"थांब, आधी डिपर घाल."
दहा वेळा घातला. डासाची अळी एकही नाही. बेडकाची शेपटीवाली पिल्लं आणि चतुराची पिल्लं मात्र भरपूर. चतुराची पिल्लं स्वतःच डासांच्या अळ्या खातात. मासा मात्र बाहेरचा: गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याच्या नात्यातला गंबुशिया १९२८ साली इटलीहून भारतात आणला गेला. गंबुशिया बेडकांची अंडी खातो, पिल्लांच्या शेपट्या कुरतडतो, हे अनेक देशांनी अनुभवलंय. माशाला डास आणि बेडूक यांत फरक कळत नाही. तोंडात मावेल ते त्याचं अन्न. तो फरक आपणच करायचा. बंदिस्त विहिरीत त्याची भूक उपयोगी पडते. इथून पाण्याबरोबर मासा वाहून नाल्यात गेला, तर त्याला परत कोण आणणार?
पोरग्याने बरणीचं झाकण लावलं.

३
चौकीत परत. वहीत लिहिलं: विहीर, गप्पी सोडले. खड्डा, मासे सोडले नाहीत, बेडकाची पिल्लं आहेत. पुढच्या आठवड्यात पुन्हा डिपर घालणे.