साथीला कोण होते?

गाण्याची आवड असलेल्या मराठी घरात रेकॉर्ड लागली की पहिला प्रश्न येतो, ‘कोण गातंय?’ त्याचे उत्तर मिळाले की जरा जाणकार मंडळी दुसरा प्रश्न विचारतात, ‘आणि तबल्याला कोण?’ जॅझच्या तबकड्या जमवणाऱ्या माणसाचे सारे आयुष्य या दुसऱ्या प्रश्नात जाते. ट्रंपेट माइल्स डेव्हिसचा आहे, हे त्याला दोन सुरांत कळते. त्यात शोधण्यासारखे काही उरत नाही. पण मागे डबलबास कोण वाजवतो आहे, दुसऱ्या रचनेत पियानोवरचा माणूस बदलला आहे का, बदलला असेल तर कव्हरवर त्याचे नाव नीट छापले आहे का, या चिंतेत त्याची रात्र सरते. घरच्यांना हा शुद्ध रिकामटेकडेपणा वाटतो आणि वरवर पाहता तो आहेही. पण या नादाच्या तळाशी एक हिशेब आहे आणि तो अनेकांचा थकलेला हिशेब आहे.

जॅझमध्ये ज्याच्या नावाने तबकडी निघते तो म्होरक्या, बाकीचे साथीदार. अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणाचे दर ठरवून दिलेले असत. साथीदाराला त्या बैठकीचे ठरलेले पैसे मिळत आणि म्होरक्याला त्याच्या दुप्पट. पुढे ती तबकडी पन्नास वर्षे खपली तरी विक्रीतला वाटा साथीदाराच्या हाती सहसा येत नसे. त्याच्यापाशी उरायचे ते फक्त नाव. कव्हरच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, वाद्याच्या शेजारी छापलेले. पुढचे काम मिळायचे ते त्या नावावर. ते चुकीचे छापले गेले किंवा छापलेच गेले नाही, तर माणूस वाजवूनही न वाजवल्यासारखा.

सुरुवातीच्या काळात तर तेवढीही सोय नव्हती. १९२३ साली किंग ऑलिव्हरच्या बँडने इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीसाठी पहिल्या तबकड्या केल्या. लेबलवर बँडचे नाव होते, वादकांची नव्हती. त्या बँडमध्ये दुसरा कॉर्नेट वाजवणारा बाविशीच्या आतला एक पोरगा होता, लुई आर्मस्ट्राँग. तेव्हा मायक्रोफोन आलेला नव्हता. सगळ्यांनी एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून वाजवायचे. आर्मस्ट्राँगचा आवाज इतका मोठा की त्याला इतरांपासून बराच मागे उभे केले होते, असे सांगतात. बेबी डॉड्स या ड्रमवादकाला त्याचे नेहमीचे ड्रम वाजवताच आले नाहीत, कारण त्या दणक्याने सुई उडायची. त्याच्या वाट्याला आले लाकडी ठोकळे. म्हणजे इथे साथीदाराचे नावच नव्हे, तर त्याचे वाद्यही गहाळ झाले.

अशा तबकड्यांवर कोण कोण वाजवते आहे, याचा शोध पुढे हौशी लोकांनी घेतला. चार्ल्स देलोने या फ्रेंच गृहस्थाने १९३६ साली ‘हॉट डिस्कोग्राफी’ हे पुस्तक काढले. ब्रायन रस्ट हा इंग्रज. बीबीसीच्या तबकडी-संग्रहालयात नोकरी करता करता त्याने १८९७ ते १९४२ या काळातल्या जॅझ तबकड्यांची जंत्री जमवली आणि १९६१ सालापासून ती छापली. यांची साधने काय? तबकडीच्या शेवटच्या खाचेच्या आणि लेबलच्या मधल्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला क्रमांक, कंपन्यांच्या जुन्या वह्या, हयात वादकांच्या आठवणी आणि स्वतःचे कान. बँकेत आम्ही धनादेशावरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहत असू. अक्षरांपेक्षा हाताचे वळण पाहायचे. तसे हे लोक क्लॅरिनेटचे वळण पाहत.

काही नावे तर मुद्दाम लपवलेली असत. १९२८-२९ साली गिटारवादक लॉनी जॉन्सन याच्याबरोबर ‘ब्लाइंड विली डन’ नावाचा कोणी वाजवतो. हा कोणी अंध कृष्णवर्णीय नव्हता. तो होता एडी लँग, इटालियन वंशाचा गोरा. काळ्या आणि गोऱ्या वादकांनी एकत्र वाजवलेले उघड दाखवण्याची सोय त्या अमेरिकेत नव्हती, म्हणून हे बारसे. १९५३ साली टोरंटोच्या मॅसी हॉलमध्ये झालेल्या मैफलीच्या तबकडीवर सॅक्सोफोनवादक म्हणून ‘चार्ली चॅन’ असे छापले आहे. तो चार्ली पार्कर. त्याचा करार दुसऱ्या कंपनीशी असल्याने पत्नीचे ‘चॅन’ हे नाव कामी आले. ते कोणाला कळले नसेल असे मात्र नाही. पार्करच्या फुंकीला टोपणनाव पुरत नाही.

एलपी आल्यावर कव्हरला पाठ मिळाली, पाठीवर मजकूर आला आणि साथीदारांची नावे दिसू लागली. पण छापील मजकूर म्हणजे वेदवाक्य नव्हे. जगात सर्वाधिक खपलेल्या जॅझ तबकड्यांपैकी एक म्हणजे माइल्स डेव्हिसची १९५९ सालची ‘काइंड ऑफ ब्लू’. तिच्या पहिल्या आवृत्तीवर कॅननबॉल अॅडर्ली आणि विन्टन केली या दोघांच्याही नावांची अक्षरे गाळलेली होती आणि दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांच्या नावांची अदलाबदल झाली होती. विन्टन केलीच्या वाट्याला मुळात एकच रचना, बाकी सगळीकडे पियानोवर बिल एव्हान्स. एका रचनेपुरते आलेल्या माणसाचे नावही नीट छापले जाऊ नये! त्याच तबकडीतली ‘ब्लू इन ग्रीन’ ही रचना डेव्हिसच्या नावावर निघाली. एव्हान्स ती आपली असल्याचे सांगत राहिला.

याहून मोठी गंमत सुरांची. २ मार्च १९५९ रोजी पहिल्या बाजूचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा मुख्य टेपयंत्र किंचित हळू फिरत होते. साहजिकच ती टेप योग्य वेगाने वाजवली की सूर थोडे चढे यायचे. फरक अर्धस्वराहूनही कमी, पण तबकडीबरोबर वाजवून सराव करणाऱ्या वादकांना वाद्य जुळवताना तो जाणवायचा. त्या दिवशी शेजारी दुसरे यंत्रही चालू होते आणि त्याचा वेग बरोबर होता. त्या टेपवरून दुरुस्त आवृत्ती निघाली ती १९९२ साली. तेहेतीस वर्षे जगाने ती पहिली बाजू चढ्या सुरात ऐकली.

पुनर्मुद्रणाची ही एक बाजू झाली, दुरुस्तीची. दुसरी बाजू बिघडवण्याची. साठच्या दशकात स्टिरिओचे खूळ आले, तेव्हा जुनी मोनो ध्वनिमुद्रणे यंत्रातून काढून त्यांना खोटे स्टिरिओ रूप देण्यात आले. परिणामी वादक विहिरीच्या तळाशी बसून वाजवत असल्यासारखा ऐकू येई. स्वस्त आवृत्त्यांतून पाठीवरचा मजकूरच गळाला, आणि त्याबरोबर साथीदारही. म्हणून संग्राहक नव्या आवृत्तीकडे संशयाने पाहतो. हे नवे झाकण आहे की उघडलेले दार, हे त्याला आधी पारखावे लागते.

दार उघडणे म्हणजे काय, हे टिना ब्रुक्सच्या कथेवरून कळावे. नाव बाईचे, माणूस पुरुष. खरे नाव हॅरॉल्ड ब्रुक्स, जन्म १९३२ चा, वाद्य टेनर सॅक्सोफोन. लहानपणी चणीने छोटा म्हणून ‘टीनी’ आणि त्याचे झाले टिना. १९ जून १९६० रोजी ब्लू नोट कंपनीसाठी फ्रेडी हबर्ड या बावीस वर्षांच्या ट्रंपेटवादकाची पहिली तबकडी ध्वनिमुद्रित झाली, ‘ओपन सेसमी’. तिच्यात ब्रुक्स साथीदार, आणि तिची शीर्षकरचनाही ब्रुक्सचीच. सहा दिवसांनी, २५ जूनला, त्याच स्टुडिओत ब्रुक्स म्होरक्या झाला आणि हबर्ड साथीदार. ती तबकडी ‘ट्रू ब्लू’. दोघे एका उंबरठ्यावर उभे होते. हबर्ड पुढे जगभर गाजला. ब्रुक्सच्या नावाने त्याच्या हयातीत निघालेली ती एकमेव तबकडी ठरली.

त्याने आणखी तीन तबकड्यांचा ऐवज ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. एकीचा क्रमांक ठरला, कव्हरही तयार झाले, तरी ती बाजारात आली नाही. १९६१ नंतर त्याचे ध्वनिमुद्रण नाही. व्यसनाने आणि आजाराने पोखरलेला ब्रुक्स १९७४ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी वारला, तेव्हा त्याच्या टेपा कंपनीच्या कपाटात पडून होत्या.

त्या बाहेर काढणाऱ्यांतला मोठा माणूस म्हणजे मायकेल कस्कुना. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ब्लू नोटच्या तळघरात शिरायची परवानगी त्याने मिळवली. न निघालेल्या बैठकींविषयी वादकांना विचारत त्याने टेपा ऐकल्या, कोण वाजवते ते ठरवले. पुढे चार्ली लूरी याच्यासह मोझेइक ही कंपनी काढून १९८३ पासून मोजक्या प्रतींचे संच टपालाने विकायला सुरुवात केली. १९८५ साली ब्रुक्सच्या चारही बैठकींचा संच निघाला, सोबत तारखा, वादक, छायाचित्रे यांची पुस्तिका. मृत्यूनंतर अकरा वर्षांनी ब्रुक्स साथीदाराचा कलावंत झाला. कस्कुना २०२४ साली गेला. ‘ट्रू ब्लू’च्या पहिल्या आवृत्तीला आज संग्राहक हजारो डॉलर मोजतात. ब्रुक्सला त्याचा काय उपयोग, असे कोणी विचारील. त्याला नाही, हे खरेच. पण त्याने वाजवलेले ज्यांच्या कानी पडते, त्यांना आहे.

साथीदारांचा माग काढता काढता ही वाट एके ठिकाणी थेट आपल्या मुंबईत येते. १९२७ साली ड्यूक एलिंग्टनच्या ‘क्रिओल लव्ह कॉल’ या तबकडीचा एक रचनाकार म्हणून रूडी जॅक्सन या क्लॅरिनेटवादकाचे नाव लागले. साथीदाराचे नाव लेबलवर आले म्हणून आनंद मानावा, तर ती चाल होती किंग ऑलिव्हरच्या १९२३ सालच्या ‘कँप मीटिंग ब्लूज’मधली. ऑलिव्हरकडे वाजवून आलेल्या जॅक्सनने ती आपली म्हणून एलिंग्टनच्या हाती ठेवली होती. हा जॅक्सन, पियानोवादक टेडी वेदरफर्ड, ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ अशी मंडळी १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होती. १९३६ साली स्मिथच्या बँडच्या तबकड्याही मुंबईतच ध्वनिमुद्रित झाल्या. शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेला वेदरफर्ड १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारला.

त्यांच्या मागेपुढे वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांपैकी पुष्कळजण हिंदी चित्रपटांकडे वळले. फ्रँक फर्नांड, ‘चिक चॉकलेट’ म्हणून गाजलेले अँटोनियो वाझ, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस. त्यांनी स्वरलेखन केले, वाद्यमेळ बांधला, ट्रंपेट फुंकले. तबकडीच्या लेबलवर मात्र ही नावे शोधून सापडायची नाहीत. जिथे १९४९ सालच्या ‘महल’च्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकरांऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले गेले, तिथे ट्रंपेटवाल्याला कोण विचारतो? ही उणीव काही अंशी भरून काढली ती ग्रेगरी बूथ यांच्या २००८ सालच्या ‘बिहाइंड द कर्टन’ने आणि नरेश फर्नांडिस यांच्या २०१२ सालच्या ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ने. दोघांनीही तेच केले जे देलोने आणि रस्ट यांनी केले होते. हयात माणसांना गाठून विचारले, साथीला कोण होते?

हे काम पुस्तके लिहिणाऱ्यांनीच करायला हवे असे नाही. माळ्यावर जुन्या तबकड्या असतील, तर त्या विकण्याआधी कव्हरे आणि पाकिटे तपासावीत. त्यांवर कोणी पेन्सिलीने काही लिहून ठेवले असेल, तर ते खोडू नये. घरात किंवा शेजारी एखादे आजोबा स्टुडिओत व्हायोलिन किंवा सॅक्सोफोन वाजवणारे असतील, तर एका रविवारी त्यांच्यासमोर जुनी गाणी लावावीत, आणि कोणत्या गाण्यात कोण होते ते तारखेसह वहीत टिपून घ्यावे. त्यांना एखाद्या सहकाऱ्याचे नाव पटकन आठवणार नाही. घाई करू नये, गाणे पुन्हा लावावे.